साखरपुडा परत करायला

तिने मला बरोबर चला म्हटलं त्याचं कारण माझे पांढरे केस होते, आणि हे तिने लपवलंही नाही. ऑफिसच्या कँटीनमध्ये सूपचा बोल पुढ्यात घेऊन ती म्हणाली, "आई म्हणते, एकटी जाऊ नकोस. कुणीतरी मोठी बाई बरोबर ने. पांढऱ्या केसांची. मला इथे तुमच्याशिवाय कुणी माहीत नाही."

मी बावन्न वर्षांची. केस रंगवणं करोनात सुटलं ते सुटलंच. जर्मनीत वाल्डॉर्फच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सतरा वर्षं टेस्टिंग करते आहे. ती आमच्या टीममध्ये आली तेव्हा नुकतंच मानहाइमला तिचं शिक्षण संपलं होतं. मूळची अझरबैजानची, शेकी नावाच्या डोंगरातल्या गावची. पहिल्याच आठवड्यात ती मला 'खाला' म्हणायला लागली. त्यांच्याकडे खाला म्हणजे मावशी. नागपूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना आम्ही सगळी मुलं खालाच म्हणायचो, त्यामुळे मला ते लगेच आपलं वाटलं. टीममधल्या एका जर्मन सहकाऱ्याचा मात्र समज झाला की ते माझं लाडाचं नाव आहे. तो बरेच दिवस ईमेलमध्ये 'प्रिय खाला' असं लिहायचा.

"जायचं कुठे?" मी विचारलं.

"त्सुफेनहाउझेनला. त्याच्या बीबीकडे."

माझा चमचा हातातच राहिला. "म्हणजे? त्याला बायको आहे?"

ती आधी गोंधळली आणि मग इतकी हसली की शेजारच्या टेबलवरच्या लोकांनी वळून पाहिलं. त्यांच्या भाषेत बीबी म्हणजे आत्या. त्या आठवड्यात मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते.

तिचा साखरपुडा झालेला होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते त्याला निशान म्हणतात. मुलगाही अझरबैजानचाच, गेर्लिंगेनला इंजिनिअर. त्याची आत्या वीसेक वर्षं श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात राहते. नवरोजच्या एका कार्यक्रमात आत्याने हिला पाहिलं, नाव-गाव विचारलं आणि अझरबैजानमधल्या सुमगाईत शहरी आपल्या भावाला, म्हणजे मुलाच्या वडिलांना, फोन केला. तिथून शेकीला निरोप गेला. आता काळ बदलला आहे, मुलांना आधी बोलू द्या, असं दोन्ही घरांनी ठरवलं. दोघं तीन महिने फोनवर बोलली, चार वेळा हायडेलबर्गला भेटली, आणि हो म्हणाली.

मग मुलाचे आईवडील आणि दोन वडीलधारे रीतीप्रमाणे शेकीला मागणी घालायला गेले. मुलगी वाल्डॉर्फमध्ये आणि मुलगा गेर्लिंगेनमध्ये. तिकडे टेबलावर साखरेच्या भांड्याला टेकवून दोन मोबाइल उभे केले होते आणि त्यात ही दोघं. मोठी माणसं बोलत होती, ही दोघं आपापल्या खोलीत माइक बंद करून बसली होती. "मीटिंगसारखंच होतं," असं तिने तेव्हा मला सांगितलं होतं. पुढच्या रविवारी आत्याने त्सुफेनहाउझेनच्या आपल्या घरी बोलावून तिच्या बोटात अंगठी घातली. लाल फिती बांधलेल्या तबकांमधून भेटी आल्या. सोमवारी आम्ही ऑफिसात केक कापला.

त्याला दीड वर्ष झालं होतं. आता ती नाही म्हणत होती.

निशान मोडलं की मुलीकडच्यांनी आलेली प्रत्येक वस्तू परत करायची, ही त्यांच्याकडची रीत. तिचं आधी असं चाललं होतं की सगळं एका खोक्यात भरावं आणि पार्सल करून पोस्टाने पाठवून द्यावं. तसं तिने आईला सांगितलं. आई शेकीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. कडक बाई आहे. फोनवर तिने एवढंच विचारलं, "त्यांनी ते पोस्टाने पाठवलं होतं का?"

म्हणून पांढरे केस.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पण तू तिथे जाऊन बोलणार काय?" मी म्हटलं, बसेन.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. एका खोलीचं घर. पलंगावर तिने सगळं मांडून ठेवलं होतं: अंगठीची डबी, कानातल्यांची डबी, हँडबॅग, बूट, रेशमी रुमाल, सणासुदीला आलेल्या बारीकसारीक वस्तू. लाल फितीसुद्धा तिने घडी करून जपल्या होत्या. अडचण दोन गोष्टींची होती. एक, थंडीचा कोट. तो तिने मागचा अख्खा हिवाळा आणि हा सुरू झाल्यापासून घातला होता. तिने राइनिगुंगमध्ये, म्हणजे ड्रायक्लीनिंगला, टाकून तो धुऊन आणला होता, प्लॅस्टिकच्या आवरणात टांगलेला होता, तरी कोपरापाशी कापड विरलेलं दिसत होतं. दुसरं, अत्तर. बाकूहून आलेली ती बाटली अर्ध्याहून जास्त संपली होती.

"वापरलेलं अत्तर कसं परत करायचं, खाला? म्हणून मी नवीन घेतलं," ती म्हणाली आणि तिने सीलबंद खोकं दाखवलं. "तेच आहे. फक्त इथे मोठीच बाटली मिळते."

"आणि ती जुनी?"

"बाथरूममध्ये आहे. टाकून देईन."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, मी मान डोलावली. आम्ही दोघींनी मिळून सामान तीन पिशव्यांत भरलं. फिती बांधायच्या की नाही यावर जरा विचार केला. शेवटी तिने त्या एका पाकिटात घालून वर ठेवल्या.

शनिवारी सकाळी माझ्या गाडीने निघालो. नोव्हेंबर होता, धुकं होतं, आणि हाइलब्रोनच्या अलीकडे श्टाऊ लागला. पाऊण तास गाडी जागची हलेना. कोट मागच्या सीटवर आडवा ठेवलेला होता. मी विचारलं, "तो वाईट वागला का तुझ्याशी?"

"नाही. तसं असतं तर सोपं झालं असतं. आईला एका वाक्यात सांगता आलं असतं."

मग ती हळूहळू बोलायला लागली. तो दर रविवारी यायचा, वेळेवर यायचा, फुलं आणायचा. तिने काही सांगितलं की ऐकून घ्यायचा आणि मग म्हणायचा, लग्नानंतर बघू. नोकरी कुठे करायची, लग्नानंतर बघू. मूल कधी, लग्नानंतर बघू. तिने एकदा म्हटलं की आधी सहा महिने एका घरात राहून बघू या, इथे कोण विचारतंय. तो लाल झाला. म्हणाला, आत्याला काय सांगू. "मला राग आला नाही," ती म्हणाली. "मला एवढंच कळलं की मी जे विचारते ते त्याला ऐकूच येत नाही. आणि त्यालाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार."

"तुझ्या आईचं कसं झालं होतं?"

"आईचं लग्न ठरलं तेव्हा ती वीस वर्षांची होती. निशान झाल्यावर बाबा फोन करायचे तेव्हा मामा त्याच खोलीत पेपर वाचत बसायचा. पेपर उलटा धरलेला असायचा, असं आई सांगते." ती जराशी हसली. "माझ्या बहिणीचं वेगळं. ती बाकूला नोकरी करते. तिथेच तिला तो भेटला. दोन वर्षं दोघं गाडीत बसून गप्पा मारायची, कुणी बघू नये म्हणून. मग घरी असं सांगितलं की एका मैत्रिणीने स्थळ सुचवलंय. त्याच्या घरचे रीतसर मागणी घालायला आले. बहीण चहा घेऊन बाहेर आली आणि त्याच्याकडे अशी बघायला लागली जशी काही पहिल्यांदाच बघतेय. सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही."

"आणि तुझ्याहून लहान मुली?"

"त्यांचं तर विचारूच नका. माझ्या मामेबहिणीला मुलाने समुद्रकाठी गुडघ्यावर बसून मागणी घातली, फुगे बिगे लावून. व्हिडिओ इन्स्टाग्रामवर आधी आला आणि घरचे मागणी घालायला नंतर गेले. तिच्या आजोबांनी मागणी घालायला आलेल्यांना विचारलं, आता तुम्ही नक्की काय मागायला आलात?"

श्टाऊ सुटला तेव्हा आम्ही दोघी हसत होतो.

आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार मुलाने उघडलं. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होते. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याने मला जर्मनमध्ये नमस्कार केला, माझ्या हातातली पिशवी घेतली, मग तिच्याही हातातल्या घेतल्या. कोट घेताना तो क्षणभर थांबला. तो कोट त्यानेच निवडला होता, हे मला नंतर कळलं.

आत्या माझ्याच वयाची निघाली. पांढऱ्या केसांवरून ज्येष्ठता ठरवायची तर आम्ही बरोबरीत होतो. ती एका बेकरीत काम करते. हात भाजल्याच्या जुन्या खुणा दिसत होत्या. तिची जर्मन माझ्यापेक्षा वेगवान होती आणि माझ्याइतकीच चुकीची. तिने मला बसायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आल्झो, म्हणजे तुम्ही हिच्या कोण?"

"खाला," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

"खाला? तुम्ही तर इंडियाच्या."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले.

तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी जमिनीकडे बघत होती. आत्या उठून चहा घेऊन आली. मधे बारीक असलेले छोटे काचेचे पेले, लिंबाच्या चकत्या आणि अंजिराचा मुरब्बा. मुरब्ब्याला ते मुरब्बाच म्हणतात. मी एक घोट घेतला. चहा कडक होता, कडू. सवयीने बोलून गेले, "थोडी साखर मिळेल का?"

मुलाने पेला खाली ठेवला. मुलीचे कान लाल झाले.

मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मागणी घालायला आलेल्यांना बिनसाखरेचा चहा दिला तर अजून होकार नाही, आणि साखर घातलेला चहा आला की सोयरीक पक्की, असं त्यांच्याकडे असतं. नातं मोडायला आलेल्या घरात मी साखर मागत होते. आत्याने मुद्दाम साखर ठेवली नव्हती की मुरब्बा आहे म्हणून ठेवली नव्हती, हे मला आजही सांगता येणार नाही. ती स्वयंपाकघरात गेली, साखरेचे खडे असलेली वाटी घेऊन आली आणि माझ्या एकटीच्या पुढ्यात ठेवली.

मग पिशव्या उघडल्या. मी समजत होते की त्या तशाच बाजूला ठेवतील आणि आम्ही निघून गेल्यावर बघतील. तसं झालं नाही. आत्याने एकेक वस्तू काढून सोफ्यावर ठेवली. तिला सगळं तोंडपाठ होतं. अंगठीची डबी उघडून बंद केली. बूट उलटे करून तळवे पाहिले. कोटाचं प्लॅस्टिक काढलं आणि कोपरावरून अंगठा फिरवला. मग तो बाजूला ठेवला. अत्तराच्या खोक्यापाशी मात्र ती थांबली.

"ही ती बाटली नाही."

"तेच अत्तर आहे," मुलगी म्हणाली. "नवीन आहे."

"ते दिसतंय. ती कुठे आहे?"

"ती वापरलेली होती, बीबी. मला वाटलं..."

"ती मी निवडली होती. बाकूला, माझ्या वहिनीबरोबर दुकानात उभी राहून. अर्धा तास आम्ही मनगटं हुंगत होतो." तिने खोकं परत पिशवीत ठेवलं. "वापरलीस तर चांगलंच केलंस. त्यासाठीच दिली होती. आम्ही दुकान आहोत का, वस्तू संपली म्हणून नवी आणून द्यायला?"

हे ती माझ्याकडे बघून जर्मनमध्ये म्हणाली, मला कळावं म्हणून. मला ते लागलं, कारण आदल्या दिवशी मीच मान डोलावली होती.

मुलगा उठला आणि मुलीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. दोघं बाल्कनीत गेली. काचेचं दार लावून घेतलं. आम्हा दोघींना ती दिसत होती, ऐकू येत नव्हती. ती कठड्याला टेकून उभी होती. तो खिशात हात घालून.

"दीड वर्ष," आत्या म्हणाली. "नाही म्हणायला दीड वर्ष लागतं?"

मी पेला उचलला.

"मला सांगा ना. माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याचा चेहरा मी दोनदा पाहिला होता. ते बरं होतं असं मी म्हणत नाही. मीच भावाला म्हटलं, या मुलांना बोलू दे, भेटू दे, इथे ती मोठ्या पदावर काम करतात, त्यांना कळतं. बरं, बोलली. भेटली. हो म्हणाली. आता नाही म्हणते. बोलून ठरवा असं म्हणणारी मीच, मग तिच्यावर रागावू कशी? पण मला राग आलाय. तो कुठे ठेवू?"

मला वाटतं ती उत्तराची वाट बघत नव्हती. पण बसून राहणं मला जमेना आणि मी जे कधी कुणाला नीट सांगितलं नव्हतं ते तिला सांगायला लागले.

माझाही साखरपुडा मोडला होता. मी चोवीस वर्षांची होते, घर नागपूरला, नुकतीच पुण्याला नोकरी लागलेली, सुट्टीत घरी आलेले. आम्ही बौद्ध, आमच्याकडे पत्रिका बघायचा प्रश्न नव्हता, घर आणि शिक्षण बघितलं की झालं. मुलगा वीज मंडळात होता. मी त्याला तीन वेळा भेटले होते. तिसऱ्या वेळी सीताबर्डीला आम्ही दोघंच उसाचा रस प्यायलो होतो आणि त्याने मला विचारलं होतं की पुण्याची नोकरी तुला किती आवडते. मी म्हटलं होतं, खूप. तो म्हणाला होता, मग मी बदलीसाठी अर्ज करून बघतो. बस, एवढंच. मला तो आवडला होता.

मग त्यांच्या घरचं कुणीतरी माझ्या नोकरीवरून काही बोललं, ते बाबांच्या कानावर आलं, आणि तीन दिवसांत सगळं संपलं. नक्की काय बोललं गेलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी मोरीपाशी तोंड धूत होते तेव्हा आई मागे येऊन म्हणाली, "ते घड्याळ काढ." त्यांच्याकडून आलेलं घड्याळ होतं. मी काढून दिलं. बाबा आणि काका स्कूटरवरून सगळं घेऊन गेले. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. दोन वर्षांनी दुसरीकडे लग्न झालं, चांगलं झालं, आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

हे सगळं मी माझ्या तुटक्या जर्मनमध्ये सांगितलं. साखरपुड्याला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्यात साखर नाही, म्हणून मला तो नेहमी खोटा वाटतो. शेवटी मी म्हणाले, "माझं तीन दिवसांत मोडलं, मला न विचारता. हिला दीड वर्ष लागलं, पण हिने स्वतः ठरवलं आणि स्वतः घेऊन आली. म्हणून मी बरोबर आले."

मला वाटलं होतं की हे ऐकून ती थोडी निवळेल. तिने पेल्यातला चहा संपवला आणि विचारलं, "आणि तो?"

"कोण?"

"मुलगा. तुमचा. त्याने काय केलं?"

"माहीत नाही. नंतर कधी भेटला नाही."

"बदलीचा अर्ज केला होता का त्याने?"

"माहीत नाही."

"तोही घरात बसला असेल," आत्या म्हणाली. "तुमचे वडील दारात उभे असतील, हातात घड्याळ. आणि तो आतल्या खोलीत. त्यालाही कुणी विचारलं नसेल."

अठ्ठावीस वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. माझ्या त्या आठवणीत मी होते, आई होती, मोरीचा नळ होता. बाबांची स्कूटर गल्लीच्या वळणावर गेली की माझ्यापुरतं सगळं तिथेच थांबायचं. पलीकडे एक घर होतं, त्या घराचं दार होतं, आणि दारामागे तो असणार, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी बाल्कनीकडे बघितलं. मुलगा आता तिच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभा होता आणि ती त्याच्या पाठीशी काहीतरी बोलत होती.

"मी याच्या बाजूची आहे," आत्या म्हणाली. "तुम्ही तिच्या बाजूच्या. ठीक आहे. कुणीतरी दोन्ही बाजूंना पाहिजे."

दोघं आत आली. मुलीचे डोळे लाल होते, त्याचे नव्हते. आम्ही उठलो. दारापाशी आत्याने मुलीचे दोन्ही गाल धरले आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. कसलीही माया न दाखवता, एखादं काम उरकावं तसं. मग आत गेली आणि कोट घेऊन आली.

"हा ने."

"नाही बीबी, आईने सांगितलंय, सगळं."

"तुझ्या आईला मी सांगेन. बाहेर किती थंडी आहे बघ."

"नाही."

दोनतीन वेळा कोट इकडून तिकडे झाला. मुलगी हट्टाला पेटली होती आणि आत्याही. शेवटी मुलगीच जिंकली. आत्याने कोट खुंटीला अडकवला, त्या घरच्या बाकीच्या कोटांच्या शेजारी, आणि दार लावलं. खाली गाडीपर्यंत मुलगी नुसत्या स्वेटरवर चालत गेली, पावलं भराभर टाकत.

परत येताना तिने मला साखरेची गोष्ट समजावून सांगितली. मी शरमेने पाणी पाणी झाले. ती म्हणाली, "असू दे खाला. त्यामुळेच मला रडायला आलं नाही." मी तिला विचारलं, बाल्कनीत काय बोललात. ती म्हणाली, "त्याने विचारलं, मी सहा महिने एकत्र राहायला हो म्हटलं असतं तर? मी म्हटलं, तर बहुतेक सहा महिन्यांनी आले असते इथे. तो म्हणाला, मग बरंच झालं."

त्या रविवारी माझ्या मुलीचा फोन आला. ती फ्रायबुर्गला शिकते, तिच्या मित्राबरोबर राहते. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं असंच चालतं. मी तिला त्सुफेनहाउझेनचं सांगता सांगता घड्याळाचंही सांगून टाकलं. मग तिने जर्मनमध्ये विचारलं, "बाबांना माहीत आहे?"

"आहे. लग्नाआधीच सांगितलं होतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या लोकांचे आभार मानायला हवेत."

ती हसली. मग म्हणाली, "मला एवढी वर्षं का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. ते काही खरं उत्तर नव्हतं. तिला ते कळलं असावं, पण तिने विषय वाढवला नाही.

त्यानंतरची हकिगत थोडक्यात सांगते. शेकीच्या आईने मला आभाराचा मेसेज पाठवला, भाषांतराच्या अ‍ॅपमधून थेट मराठीत. 'आदरणीय काकू, तुमच्या पायांना वेदना होऊ नयेत' असं काहीतरी होतं. आलात-गेलात, त्रास घेतलात, असं तिला म्हणायचं असावं. मुलाचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मुलगी सुमगाईतचीच, ओळख इन्स्टाग्रामवरची, पण मागणी रीतसर घातली गेली. हे मला आत्याने कळवलं. तिने माझा नंबर कधी घेतला होता ते मला आठवत नाही. फोटोत मुलगा तसाच दिसत होता, इस्त्रीच्या शर्टात. मी अभिनंदन लिहिलं. तिने उलट विचारलं, तुमची खाला काय म्हणते? मुलीबद्दल विचारायचं होतं तिला, शब्द चुकला. मी म्हटलं, बरी आहे, काम खूप आहे.

ती बरी होती. वर्षभर तिने कुणाचं नाव काढलं नाही. मग या वसंतात एका शनिवारी ती आमच्याकडे जेवायला आली ती एकाला बरोबर घेऊन. जॉर्जियाचा मुलगा, कार्ल्सरूहला इमारतींच्या ध्वनिरचनेवर काम करतो. मी वरणभात, भरली वांगी केली होती. त्याने वांगी दोनदा घेतली. माझा नवरा त्याच्याशी बांधकामाबद्दल बोलत बसला. दोघं एकत्र राहणार होती, ऑगस्टपासून, तसं घर मिळालंही होतं. तिने हे अजून शेकीला सांगितलं नव्हतं. मला स्वयंपाकघरात म्हणाली, "खाला, आधी तुम्ही बघा, मग आईला सांगते."

मी म्हटलं, "मला यात ओढू नकोस."

पण मंगळवारी मेसेज आला. अर्थातच तिने सांगून टाकलं होतं. शेकीहून, अ‍ॅपच्या मराठीत: 'आदरणीय काकू. माझी मुलगी म्हणते तुम्ही त्या माणसाला अन्न दिले. तो कसा आहे?'

मी लंच ब्रेकमध्ये बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. भाषांतरात सरळ पोचेल असं लिहायचं होतं. शेवटी लिहिलं: 'कमी बोलतो. जेवल्यावर ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली. तुमची मुलगी काही सांगत होती तेव्हा त्याने तिला दोनदा परत विचारलं, नीट कळलं नाही म्हणून.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'चांगले. त्याचे आईवडील काय करतात?'

'ते मी विचारलं नाही,' मी लिहिलं.

'मग विचारा,' शेकीची आई म्हणाली.